बिनखात्याच्या मंत्र्याला काम लेखी द्या

पूर्वभागची (धागाकर्ती)

२०२४ च्या डिसेंबरातलं नागपूरचं अधिवेशन आठवा. १५ तारखेला नागपुरातच ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली, १६ ला अधिवेशन सुरू झालं, २१ ला संपलं आणि खातेवाटप जाहीर झालं तेही २१ लाच, अधिवेशन आटोपल्यावर. अख्खं अधिवेशन हे ३९ जण बिनखात्याचे मंत्री म्हणून सभागृहात बसले. हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. २०१९ ला २८ नोव्हेंबरला शपथविधी झाला, खाती मिळाली १२ डिसेंबरला. २०२२ ला ९ ऑगस्टला १८ जणांची शपथ, १४ ऑगस्टला खाती. २०२३ ला २ जुलैला नऊ जण आले, खाती १४ जुलैला. मुख्यमंत्री बदलले, पक्ष बदलले, सवय तीच राहिली. आपण ‘खातेवाटप रखडलं’ म्हणतो आणि विषय सोडून देतो. मला त्यामागचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. खातं नसलेला मंत्री नेमकं काय करतो, आणि त्याने काय करायला हवं?

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. मुलं हा प्रश्न दरवर्षी विचारतात आणि एका ओळीच्या उत्तराने त्यांचं समाधान होत नाही. म्हणून इथे जरा ऐसपैस लिहिते.

राज्यघटनेला बिनखात्याचा मंत्री चालतो. तिसऱ्या अनुसूचीतली शपथ काढून वाचा. राज्याचा मंत्री म्हणून कर्तव्यं पार पाडीन, एवढंच तिच्यात आहे. कुठल्या खात्याचा, ते नाही. अनुच्छेद १६४ प्रमाणे मंत्र्याची नेमणूक होते आणि कामाची वाटणी होते ती अनुच्छेद १६६(३) खालच्या नियमांनी. केंद्रासाठी हेच अनुच्छेद ७५ आणि ७७(३) मध्ये आहे. केंद्राच्या १९६१ च्या कार्यविभाजन नियमांत तर बिनखात्याच्या मंत्र्याचा सरळ उल्लेख आहे: एका किंवा अनेक विभागांशी संबंध असलेली ठरावीक कामं पंतप्रधानांच्या सल्ल्याने अशा मंत्र्याकडे सोपवता येतात. म्हणजे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात ही व्यवस्था स्पष्ट होती. खातं नसेल, पण काम नेमून दिलेलं असेल.

आणि आपल्या देशात हे चांगलं चाललेलंही आहे. जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरच्या अधिवेशनात पंडित नेहरूंना पक्षाघाताचा झटका आला. लालबहादूर शास्त्री त्याआधी काही महिने कामराज योजनेखाली (ज्येष्ठ मंत्र्यांनी पद सोडून पक्षाचं काम करायचं, अशी ती योजना) गृहमंत्रिपद सोडून बाहेर पडले होते. त्यांना परत बोलावलं ते बिनखात्याचे मंत्री म्हणून. परराष्ट्र, अणुऊर्जा, मंत्रिमंडळ सचिवालय, म्हणजे पंतप्रधानांकडे असलेल्या कामाचा भार त्यांनी उचलायचा होता. त्याच सुमारास श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातला पवित्र अवशेष चोरीला जाऊन परत सापडला होता, पण तो खरा आहे का यावरून खोरं पेटलेलं होतं. शास्त्रीजी स्वतः श्रीनगरला गेले आणि लोकांच्या मागणीप्रमाणे धर्मगुरूंकडून त्या अवशेषाची खात्री करून घेण्याची व्यवस्था लावली. ३ फेब्रुवारीला ती झाली आणि खोरं शांत झालं. हा प्रश्न गृह खात्याचा म्हणा, काश्मीर सरकारचा म्हणा किंवा धार्मिक म्हणा, एका खात्यात मावणारा तो नव्हताच. जूनमध्ये शास्त्रीजी पंतप्रधान झाले.

राजाजींचं, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींचं उदाहरण आणखी आधीचं. जानेवारी १९५० पर्यंत गव्हर्नर जनरल असलेला माणूस त्याच वर्षी नेहरूंच्या मंत्रिमंडळात बिनखात्याचा मंत्री म्हणून आला. नेहरू आणि पटेल या दोघांचाही विश्वास असलेली व्यक्ती आत हवी होती. डिसेंबरात सरदार पटेल गेले तेव्हा गृह खातं राजाजींनी सांभाळलं. कृष्ण मेनन १९५६ मध्ये बिनखात्याचे मंत्री झाले आणि त्याच पदावर असताना, जानेवारी १९५७ मध्ये, सुरक्षा परिषदेत काश्मीरवर जवळजवळ आठ तास बोलले.

आता दुसरी बाजू. जून २०२३ मध्ये तमिळनाडूचे मंत्री सेंथिल बालाजी यांना ईडीने अटक केली. त्यांची खाती दुसऱ्या मंत्र्यांना दिली, पण ते स्वतः बिनखात्याचे मंत्री म्हणून राहिले, तुरुंगातसुद्धा. २९ जूनला राज्यपालांनी त्यांना परस्पर बडतर्फ केलं आणि त्याच रात्री तो आदेश स्थगित ठेवला. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने अशा मंत्र्याचा काही उपयोग नाही, सुशासनाला हे शोभत नाही असं सुनावलं, पण निर्णय मुख्यमंत्र्यांवर सोडला. बालाजींचा राजीनामा आला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. शास्त्रीजींचं आणि यांचं पद कागदावर एकच होतं, हे मला फार अस्वस्थ करतं.

म्हणून माझं म्हणणं असं. बिनखात्याचं मंत्रिपद रद्द करू नका. मात्र ज्याला ते द्याल त्याला काम लेखी द्या, ते राजपत्रात छापा, मुदत घाला, आणि सभागृहात त्या कामाबद्दल प्रश्न आला तर उत्तर त्यानेच द्यायचं असं ठरवा. मुदत संपली की पदही संपलं.

सोलापूरकर म्हणून मला याची जास्त निकड वाटते. आपले मोठे प्रश्न एका खात्याचे नाहीतच. उजनीचं पाणी जलसंपदाकडे, शहराची जलवाहिनी नगरविकासाकडे. यंत्रमाग वस्त्रोद्योगाकडे, त्याचा वीजदर ऊर्जाकडे, कामगार कामगार खात्याकडे. बोरामणीचं विमानतळ माळढोकाच्या वनक्षेत्रात अडकलं, म्हणजे तिथे वन खातंही आलं. प्रत्येक खातं आपापल्या परीने बरोबर असतं आणि शहराला रोज पाणी मिळत नाही ते नाहीच.

तुम्हाला काय वाटतं, लिहा.

---

विजापूर_वेस

ताई, मांडणी आवडली, निष्कर्ष पटला नाही. शास्त्रीजी आणि राजाजी ही माणसंच मोठी होती, पद कुठलंही असतं तरी त्यांनी काम केलंच असतं. पदाचा हिशेब साध्या उदाहरणांवरून करायला हवा. २००३ च्या सप्टेंबरात ममता बॅनर्जी वाजपेयी सरकारात परत आल्या, जानेवारी २००४ पर्यंत बिनखात्याच्या होत्या. २००४ मध्ये चंद्रशेखर राव यांनी जहाजवाहतूक खातं मित्रपक्षासाठी सोडलं आणि नोव्हेंबरपर्यंत बिनखात्याचे राहिले, मग कामगार खातं मिळालं. २००५ मध्ये इराकच्या तेल व्यवहारावरच्या व्होल्कर अहवालानंतर नटवर सिंग यांच्याकडून परराष्ट्र खातं काढलं, पण मंत्रिपद ठेवलं, महिन्याभरात तेही गेलं. या तिघांना कुठलं काम नेमून दिलं होतं? मित्रपक्ष सांभाळणं आणि जाणाऱ्याची बूज राखणं, एवढाच उपयोग दिसतो. पद रद्दच करावं या मताचा मी आहे.

---

बार्शीलाईट

+१. त्यात १५ टक्क्यांची मर्यादा आहे ना?

---

जिल्हा_कोर्टासमोर

हो, आहे. ९१ वी घटनादुरुस्ती, २००३ ची. अनुच्छेद १६४(१क) खाली मुख्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. आपल्या २८८ च्या सभागृहात ती ४३ होते. बिनखात्याचा मंत्रीही या ४३ मध्ये मोजला जातो. म्हणजे काम नसलेला एक मंत्री ठेवला की काम करू शकणारा एक कमी झाला. घटनादुरुस्तीच्या आधी हे नुकसान एवढं थेट नव्हतं, मंत्री वाढवता येत होते.

विजापूर वेस यांच्या मुद्द्यावर. पद रद्द करायचं तर कायदा कशात करणार? घटनेत ‘बिनखात्याचा मंत्री’ असं पदच नाही, मंत्री आहे आणि त्याला काम वाटलेलं नाही, एवढीच ती स्थिती आहे. मंत्री कोण हे मुख्यमंत्री ठरवतो आणि खातं काय तेही तोच. तमिळनाडूच्या प्रकरणात न्यायालयांनी हात आखडता घेतला तो यामुळेच. धागाकर्तीच्या सूचनेत मात्र घटनेला धक्का लागत नाही. १६६(३) खालचे नियम राज्य सरकारच्या शिफारशीवरून राज्यपाल करतात, त्यात एक कलम घालता येईल. विधिमंडळात दुरुस्ती मंजूर करून घेण्याचीही गरज नाही.

---

कक्ष_अधिकारी_निवृत्त

मंत्रालयात आयुष्य गेलं, मूळचा मोहोळ तालुक्यातला. खातं नसलेल्या मंत्र्याच्या दालनात काय घडतं ते सांगतो, कारण चर्चा सगळी नियमांवर चालली आहे आणि आतलं कामकाज बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं.

नस्ती, म्हणजे फाईल, खालून वर चढते. सहायक टिपणी लिहितो, मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उप सचिव, सचिव, आणि मग मंत्री. सचिव नस्ती कुणाकडे पाठवतो? त्या विभागाच्या मंत्र्याकडे. विभाग कुणालाच दिलेला नसला की तो मुख्यमंत्र्यांकडे असल्याचं धरतात आणि सगळ्या नस्त्या तिकडे जातात. एका माणसाच्या टेबलावर तीस-पस्तीस विभागांचा ढीग. त्यातल्या ज्यांच्यावर ‘तातडीचे’ लिहिलेलं असतं त्यांवर सह्या होतात. बाकीच्या थांबतात, आणि थांबलेल्यांत गावाकडच्या माणसाच्याच जास्त असतात, कारण त्याच्या वतीने मंत्रालयात फेऱ्या मारणारं कुणी नसतं.

बिनखात्याच्या मंत्र्याला दालन मिळतं, गाडी मिळते, खासगी सचिव मिळतो. सचिव मिळत नाही, कारण विभागच नाही. मंत्रिमंडळ बैठकीच्या टिपण्या त्याच्याकडे येतात, बैठकीत त्याला बोलता येतं आणि निर्णयाची सामूहिक जबाबदारीही त्याच्यावर येते. हा अधिकार लहान नाही. पण त्या टिपण्यांवर त्याला सल्ला देणारं खालच्या यंत्रणेतलं माणूस नसतं. तो स्वतःच्या अभ्यासावर बोलतो किंवा गप्प बसतो. अभ्यास करून येणारे मंत्रीही मी पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मंत्री नुसत्या सह्या करत नाही, तो अपिलंही ऐकतो. जमिनीच्या वादाचं अपील महसूल मंत्र्यापुढे चालतं, सहकारी संस्थेचं सहकार मंत्र्यापुढे. २०२२ मध्ये ३० जून ते ९ ऑगस्ट दोघांचंच मंत्रिमंडळ होतं. तेव्हा या अर्धन्यायिक सुनावण्यांचे अधिकार सचिवांना द्यावे लागले, त्यावर बराच गदारोळही झाला. ज्याचं अपील अडकलेलं होतं त्याच्या बाजूने बघा. वकील लावलेला, तारीख घेतलेली, मुंबईचं तिकीट काढलेलं, आणि सुनावणी घ्यायला मंत्रीच नाही.

---

टेलचा_शेतकरी

काका, लई नेमकं लिहिलंत. माझ्या चुलत्यांची अशीच तारीख पुढं गेली होती, कुठल्या खात्यात ते सांगत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हाचं सांगतो. माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, सगळीकडं पाणी घुसलं. जमीन खरडून गेली, जनावरं गेली, ऊस झोपला. पंचनामा महसूल करणार, पिकाचं कृषी बघणार, जनावरांचं पशुसंवर्धन, रस्ता-पूल बांधकाम, वीज महावितरण, घर ग्रामविकास. माणूस एकच, शेत एकच, आणि अर्ज मात्र प्रत्येक टेबलावर वेगळा. तेव्हा वाटलं होतं, एक मंत्री असा पाहिजे की ज्याला दुसरं काहीच काम नाही. फक्त हा पूर. बाकीचं सगळं सोडून इथं येऊन बसायचं, आणि शेवटच्या माणसाला पैसे मिळेपर्यंत हलायचं नाही.

ताई म्हणतात तसा बिनखात्याचा मंत्री असंल तर मला पाहिजे.

---

पुण्यातली_सोलापूरकर

पण हे काम पालकमंत्र्याचंच नाही का? वेगळा मंत्री कशाला?

---

पूर्वभागची (धागाकर्ती)

हा प्रश्न येणार याची खात्री होती, आणि सोलापूरला तो सगळ्यात जास्त लागू पडतो.

पालकमंत्री हे पदही घटनेत नाही. त्याच्या हातात जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद असतं आणि तो निधी महत्त्वाचाच आहे. पण तो पूर्णवेळ असतो का? २०१४ ते २०१९ च्या सरकारात जिल्ह्यातलेच दोन देशमुख (विजयकुमार आणि सुभाष) मंत्री झाले, पालकमंत्रीही जिल्ह्यातलेच होते. त्यानंतरची यादी बघा. दिलीप वळसे पाटील, जितेंद्र आव्हाड, दत्तात्रय भरणे, राधाकृष्ण विखे पाटील, चंद्रकांत पाटील, आणि जानेवारी २०२५ पासून जयकुमार गोरे. आंबेगाव, मुंब्रा-कळवा, इंदापूर, शिर्डी, कोथरूड, माण. व्यक्तींबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण यातल्या प्रत्येकाला स्वतःचं खातं होतं, स्वतःचा मतदारसंघ होता आणि त्यानंतर सोलापूर होतं. पाच-सहा वर्षांत सहा पालकमंत्री झाले, तर उजनीची फाईल प्रत्येकाला नव्याने समजून घ्यावी लागते.

शिवाय पालकमंत्री बैठक घेऊ शकतो, अधिकाऱ्यांना सूचना देऊ शकतो. पण काकांनी वर सांगितलेली नस्ती त्याच्याकडे जात नाही. जलसंपदाची नस्ती जलसंपदा मंत्र्याकडेच जाते. २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरला ५ टीएमसी पाणी उचलण्याचा निर्णय झाला तेव्हा जिल्हाभर आंदोलन झालं आणि मे महिन्यात तो रद्द करावा लागला. त्या वेळी पालकमंत्री इंदापूरचेच आमदार होते. ज्याला आपल्या मतदारांचं हित बघायचं आहे त्याच्याकडेच आपला जिल्हा सांभाळायला दिला, तर कात्रीत तोही सापडतो आणि आपणही. दोष त्या रचनेत आहे.

आषाढीची वारी बघा. पंढरपुरात लाखो माणसं येतात. पोलीस, आरोग्य, एसटी, नदीत पाणी सोडणं, शौचालयं, रस्ते, वीज, किती खाती एकत्र येतात! आणि ते दरवर्षी जमतं. का जमतं? तारीख ठरलेली आहे, काम ठरलेलं आहे, जिल्हाधिकारी आणि पालकमंत्री दोघांना तिथे उभं राहावंच लागतं. एवढी स्पष्टता उजनीच्या पाण्याला मिळाली तर तेही जमेल.

---

अक्कलकोट_रोड

यंत्रमागाबद्दल मी बोलतो, धंदा तोच आहे. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा अभिमान सगळ्यांना आहे. पण कारखाना चालवणाऱ्याचं काय होतं? वीज सवलतीचा निर्णय वस्त्रोद्योग खातं घेतं, पैसा वित्त खातं सोडतं, बिलात कपात महावितरण करतं. वस्त्रोद्योगाचं आयुक्तालय नागपूरला. जीएसटी दिल्लीचा विषय. एमआयडीसीतला रस्ता उद्योग खात्याचा. आम्ही असोसिएशनतर्फे निवेदन घेऊन गेलो की प्रत्येक जण मनापासून ऐकतो आणि पुढचं नाव सांगतो.

तरीही मला ताईंच्या सूचनेत एक धोका दिसतो. नवा मंत्री आला तर निवेदन द्यायचं आणखी एक दार वाढेल. ज्याच्याकडे सही नाही त्याच्याकडे आम्ही कशाला जायचं?

---

कक्ष_अधिकारी_निवृत्त

मालक, तुमचा मुद्दा अगदी खरा आहे आणि याला पुरावा १९४७ चा आहे.

गोपालस्वामी अय्यंगार नेहरूंच्या मंत्रिमंडळात बिनखात्याचे मंत्री होते, काश्मीरचं काम बघायला. माणूस योग्य होता, १९३७ ते १९४३ ते काश्मीरचे दिवाण होते. पण संस्थानांचं खातं सरदार पटेलांकडे होतं आणि काश्मीर हे संस्थानच. डिसेंबर १९४७ मध्ये पूर्व पंजाबकडून काश्मीरसाठी गाड्या मागवण्याचा विषय निघाला. अय्यंगारांनी तो परस्पर केला, पटेलांनी हरकत घेतली, नेहरूंनी अय्यंगारांची बाजू घेतली, आणि गोष्ट पटेलांनी राजीनामा देऊ करण्यापर्यंत गेली. देश नुकताच स्वतंत्र झालेला, काश्मीरमध्ये लढाई चालू, आणि दोन सर्वांत मोठे नेते गाड्यांच्या पत्रव्यवहारावरून इतके दुरावले. तिघांपैकी कुणाच्याही निष्ठेत खोट नव्हती. हद्द ठरवून दिलेली नव्हती, त्यातून हे सगळं झालं.

त्यामुळे नुसतं ‘काश्मीर बघा’ किंवा ‘सोलापूर बघा’ म्हणून चालत नाही. कुठल्या विषयाच्या नस्त्या त्या मंत्र्यामार्फत जातील, कुठल्या विषयात त्याची सही अंतिम, कुठे मूळ खात्याची, आणि दोघांचं जमलं नाही तर नस्ती मुख्यमंत्र्यांकडे किती दिवसांत जायची, हे सगळं आदेशात हवं. तसं असेल तर अक्कलकोट रोडवाल्यांना सहीवाला माणूस मिळेल. नसेल तर त्यांची भीती खरी ठरेल.

---

पुण्यातली_सोलापूरकर

उलटी गोष्टही घडली आहे. पंजाबात कुलदीपसिंग धालीवाल यांच्याकडे प्रशासकीय सुधारणा खातं होतं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारनेच अधिसूचना काढून सांगितलं की असा विभाग अस्तित्वातच नाही. त्यांच्याकडे अनिवासी भारतीयांचं खातंही होतं, म्हणून काम चालू राहिलं. पण वीसेक महिने नावापुरतं खातं होतं आणि त्यामागे सचिव नाही, कर्मचारी नाहीत. खातं मिळालं म्हणजे काम मिळालं असं नाही, हे यावरून मला कळलं.

आजारपणासाठी मात्र हे पद ठेवायलाच हवं असं मला वाटतं. अरुण जेटलींचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं, मे ते ऑगस्ट २०१८ ते बिनखात्याचे मंत्री होते, अर्थ खातं पीयूष गोयल यांनी सांभाळलं, बरे झाल्यावर ते परत आले. मुरासोली मारन तर आजारपणात वर्षभर बिनखात्याचे होते आणि त्यातच गेले. आजारी माणसाला लगेच बाहेर काढणं बरोबर नाही.

---

विजापूर_वेस

आजारपणाचा मुद्दा पूर्ण मान्य. तिथे मुदत आपोआप असते, आणि खातं दुसऱ्याकडे गेल्यामुळे कामही थांबत नाही.

बाकी मी अजून विरोधातच आहे. तुम्ही सगळे एक आदर्श आदेश लिहिताय. प्रत्यक्षात युतीचं सरकार बनताना रात्री दोनला ठरतं की अमक्याला मंत्री करायचं. त्याला द्यायला खातं नसेल तर ‘विशेष कार्य’ म्हणून काहीतरी चार ओळी लिहून देतील. आज उघड दिसतं की या माणसाकडे काम नाही. उद्या कागदावर काम दिसेल आणि विचारायची सोयही जाईल. त्यापेक्षा शपथेबरोबरच खातं जाहीर करण्याची सक्ती करा. डिसेंबर २०२४ सारखं अधिवेशन परत होऊ नये, ही माझी पहिली मागणी राहील.

---

जिल्हा_कोर्टासमोर

शपथेबरोबर खातं, ही मागणी धाग्यात घालाच. नियमांत ‘शपथेपासून अमुक दिवसांत’ असं लिहिता येतं, त्याला घटनेची आडकाठी नाही.

विशेष कार्याच्या चार ओळींची भीती मलाही वाटते. म्हणून सभागृहातल्या उत्तराचा भाग मी सगळ्यात वर ठेवेन. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो, त्या मंत्र्याच्या नावे लावता आला पाहिजे. काम खोटं असेल तर पहिल्याच उपप्रश्नाला उघडं पडेल. आमदार कुठल्याही पक्षाचा असो, एवढी संधी तो सोडणार नाही. ब्रिटनमध्ये १९१६ साली लॉइड जॉर्ज यांनी पाच जणांचं युद्ध मंत्रिमंडळ केलं, त्यातले मिल्नर आणि हेंडरसन बिनखात्याचेच होते. खात्याच्या रोजच्या कामातून मोकळे राहून युद्धावर लक्ष देता यावं हाच हेतू. काम काय ते सगळ्या देशाला माहीत होतं, म्हणून ते टिकलं.

---

मंद्रूपची_लेक

एवढी चर्चा वाचली, मला एकच सांगायचंय. माहेरी टँकर आणि सोलापुरात सासरी चार-पाच दिवसांनी नळ, यातच बाईमाणसाचा अर्धा वेळ जातो. पाणी कधी येणार हे नगरसेवक सांगतो, महापालिका सांगते, वर्तमानपत्र सांगतं, आणि तरी रात्री जागावं लागतं. त्या लेखी कामात पहिली ओळ पाण्याची घाला. चादर, विमान नंतर.

---

टेलचा_शेतकरी

ताई बरोबर. फक्त शहराला देताना टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावांचं आवर्तन (पाण्याची पाळी) तोडू नका. शहर विरुद्ध गाव असं होऊ नये, म्हणून तर एकच माणूस पाहिजे दोन्हीकडं बघणारा. शहराला नदीतून पाणी सोडलं की किती वाया जातं ते आम्ही काठावरून बघतो. जलवाहिनीतून दिलं की ते वाचणार, आणि वाचलेलं पाणी कालव्याला यायला पाहिजे. हे कुठल्या खात्यानं लिहायचं?

---

पूर्वभागची (धागाकर्ती)

हे ‘कुठल्या खात्याने लिहायचं’ याचंच उत्तर आज कुणाकडे नाही. वाचलेलं पाणी कुणाचं, हा प्रश्न नगरविकास विचारणार नाही आणि जलसंपदाला तो कुणी विचारलेला नाही.

सगळ्यांच्या सूचना घेऊन जिल्ह्यातल्या आमदारांना द्यायचं निवेदन तयार करते आहे. त्यात या गोष्टी घातल्या आहेत. शपथेपासून ठरावीक दिवसांत खातेवाटप व्हावं, आणि अधिवेशन त्याआधी असेल तर अधिवेशनाच्या आधी. आजारपण सोडून इतर कारणाने मंत्री बिनखात्याचा ठेवायचा असेल तर त्याचं काम आणि मुदत राजपत्रात यावी. त्या कामाच्या नस्त्या कुणामार्फत जातील आणि मतभेद झाल्यास किती दिवसांत मुख्यमंत्र्यांकडे जातील हे आदेशात असावं. त्याच्या नावे तारांकित प्रश्न लागावा. अटकेत असलेल्या मंत्र्याला ही सवलत मिळू नये. आणि असं पद निर्माण करणार असाल तर पहिलं काम उजनीच्या पाण्याचं द्या, शहराचा नळ आणि टेलचं आवर्तन एकाच कागदावर.

विजापूर वेस, तुमचा विरोधही निवेदनाच्या शेवटी जोडते, तुमच्याच शब्दांत. आमदारांना दोन्ही बाजू दिसू देत.

---

कक्ष_अधिकारी_निवृत्त

नुसतं आमदारांना देऊ नका. मंत्र्यांच्या कामाच्या वाटपाचे नियम सामान्य प्रशासन विभाग सांभाळतो, तो मुख्यमंत्र्यांकडे असतो. एक प्रत थेट तिकडे पाठवा, आवक क्रमांक घ्या. मसुदा मला पाठवलात तर भाषा बघून देतो. मुदतीच्या जागी ‘शक्य तितक्या लवकर’ असं कुठेही राहू देऊ नका, आकडा घाला.

---

विजापूर_वेस

माझं टिपण आज रात्री लिहून देतो. अटकेच्या मुद्द्यावर आणि अधिवेशनाच्या मुद्द्यावर माझी सही तुमच्याबरोबर धरा, बाकीच्यावर नको.